लहान आतड्यातली गाठ आणि राहून गेलेलं बाळंतपण

माझं दुखणं ओळखायला नऊ महिने लागले. त्यातला निम्मा उशीर डॉक्टरांचा होता आणि निम्मा माझा. डॉक्टरांच्या वाट्याचं मी त्यांना तेव्हाच तोंडावर सांगितलं. माझ्या वाट्याचं आज लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात आमच्या दुकानात आलेल्या एक ओळखीच्या बाई बोलता बोलता म्हणाल्या, "रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत, बाकी काही नाही." मी खण दाखवायचं सोडून त्यांना स्टुलावर बसवलं आणि नको नको ते प्रश्न विचारले. त्या ओशाळल्या. ओशाळू देत. मीही अशीच ओशाळत होते.

हुबळीच्या बाजारात आमचं खण आणि इरकली लुगड्यांचं दुकान आहे. सासरे मिरजेकडून इथे आले, तेव्हापासूनचं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत मी यांच्याबरोबर दुकानात बसायला लागले, ती आजतागायत. ही हकीकत नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि मला साधा तापही चार-चार वर्षांत येत नसे.

शिडीची तिसरी पायरी

संक्रांतीच्या आधी दुकानात गर्दी असते. वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला मी शिडी चढले आणि तिसऱ्या पायरीवर थांबले. छातीत धडधड, कानात भिरभिर. गिऱ्हाईक खालून म्हणालं, "काय वैनी, वरच दुकान मांडता काय?" सगळे हसले, मीही हसले. गठ्ठा यांनी काढला.

आमचे डॉक्टर बाजारातच असतात. कानडी माणूस, पण आमच्याशी मराठीतच बोलतात. त्यांनी डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली. "वैनी, रक्त कुठं आहे तुमच्यात? उपास किती करता?"

सोमवार, चतुर्थी, एकादशी. सांगितलं.

"म्हणजे महिन्यातले निम्मे दिवस. कमी करा ते." त्यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वर सांगितलं, "या गोळ्यांनी शौचाला काळी होईल. घाबरायचं नाही."

घाबरायचं नाही म्हणाले, म्हणून मी घाबरले नाही. इतक्या आज्ञाधारकपणे मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसेल.

गोळ्यांनी थोडं बरं वाटे, मग पुन्हा खाली. उन्हाळ्यात धारवाडच्या एका बायकांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, पिशवी काढून टाका. पाळी बंद होऊन वर्ष होत आलंय, हे मी सांगितलं. "आतल्या आत असतं," असं उत्तर मिळालं. माझी थोरली जाऊ, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, केलगेरीला राहते. ती म्हणाली, "काढून टाक गं. मी काढली, सुटले. कशाला जपून ठेवायची, कुणाला वाण द्यायचंय?" मीही तयारच झाले होते. तेवढ्यात सांगलीहून पत्र आलं आणि मी सगळं बाजूला ठेवलं.

पत्र

आमची एकुलती एक मुलगी वसू. दोन वर्षांपूर्वी सांगलीला दिलेली. तिला दिवस राहिले होते. पौष-माघात बाळंतपण. पहिलटकरीण माहेरी येते, हे काही कुणी ठरवावं लागत नाही. दिवाळी झाली की तिला आणायचं, असं विहीणबाईंनीच लिहिलं होतं.

मी भावुक बाई नाही. वसूला सासरी पाठवताना सगळे रडत होते तेव्हा मी सामान मोजत होते. पण त्या पत्रानंतर मला काय झालं कोण जाणे. दुकानात बसल्या बसल्या मला चाळीस दिवस दिसायला लागले. मधली खोली, कोवळं ऊन येतं ती खिडकी, तिथे बाज. बाजेखाली शेगडी. बाळाला पायावर घालून न्हाऊ घालणारी यल्लव्वा, तिला मी पाचव्या महिन्यातच सांगून ठेवलं. जुनी मऊ लुगडी काढून दुपटी शिवायला घेतली. दोन टाके घातले की दम लागे. मग तिसरा घालायचा.

पोरगी दोन वर्षांत तीनदा आली होती, तीही दोन-दोन दिवसांसाठी, आल्याबरोबर परतीच्या गाडीचं बोलणं. आता चाळीस दिवस ती कुठे जाणार नव्हती. तिच्या केसांना तेल लावायचं होतं मला. एवढंच. यात हसण्यासारखं काही नाही.

सातवी माळ

नवरात्रात मी नऊ दिवस उपास धरते. डॉक्टरांनी बंदी केली होती. मी मान डोलावली आणि धरला. रिकाम्या पोटी गोळी घेतली की मळमळतं, म्हणून घटस्थापनेपासून गोळ्यांची डबी कपाटात गेली. राजगिरा, शेंगदाणे, ताक. बाकी काही नाही.

सातव्या माळेच्या सकाळी मी शौचाहून उठले आणि खाली पाहिलं. डांबरासारखं काळं. पाणी ओतायला तांब्या उचलला आणि तसाच धरून उभी राहिले. सात दिवस एक गोळी पोटात गेली नव्हती. मग हे काळं कशाचं?

धंद्यातल्या माणसाला एक सवय असते. रंग उतरला तर तो कापडाचा दोष की पाण्याचा, हे बघायला दोन्ही वेगळं करून बघायचं. उपासापायी ते आपोआप झालं होतं.

देवीची आरती यांच्यावर सोपवून मी डॉक्टरांकडे गेले. ते लिहीत होते.

"डॉक्टर, उपास केला. ओरडा नंतर, आधी ऐका. सात दिवस गोळी नाही, तरी काळंच आहे."

त्यांचं पेन थांबलं. "चिकट?"

"डांबरासारखं."

"वास?"

"सांगण्यासारखा नाही."

"कधीपासून असं?"

"ते कसं कळणार? काळं होईल, घाबरू नका, असं तुम्हीच म्हणाला होतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हौदु, खरं आहे. मीच म्हणालो होतो." चूक कबूल करणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. रागावून आले होते, तो राग तिथेच संपला. ते म्हणाले, रक्त पोटात कुठेतरी झिरपतंय, पचून काळं होतंय आणि बाहेर पडतंय. पिशवीचा काही संबंध नाही.

पांढरं पाणी

नवनगरच्या पुढे, धारवाडच्या वाटेवर एक खाजगी दवाखाना होता. दोन बाटल्या रक्त चढवल्यावर तिथे तपासण्या झाल्या. घशातून दुर्बीण घातली, पोट स्वच्छ. दुसऱ्या आठवड्यात खालून घातली, तिथेही काही नाही. दुर्बिणीची फार भीती घालतात लोक. वाईट असते, पण मिनिटांत संपते. आदल्या दिवशीचं जुलाबाचं औषध त्याहून वाईट.

वरून पोचत नाही, खालून पोचत नाही, असा आतड्याचा लांबलचक मधला भाग उरला. तेव्हा आपल्याकडे त्यासाठी पांढरं पाणी पाजून एकामागून एक एक्स-रे काढत. चुना कालवून गोड केल्यासारखं ते पाणी. घोट घेतला, फोटो. अर्धा तास थांबा, पुन्हा फोटो. चौथ्या की पाचव्या फोटोत पांढऱ्या रेघेच्या मधोमध एक गोल रिकामी जागा दिसली. सुपारीपेक्षा जरा मोठी.

सर्जन तरुण होते. फोटो उजेडावर धरून म्हणाले, "इथं काहीतरी बसलंय. लहान आतड्यात गाठ क्वचित होते, म्हणून कुणी आधी तिथं शोधत नाही."

"कॅन्सर?" मी विचारलं. यांनी माझा हात दाबला, विचारू नको म्हणून.

"असू शकतो. नसूही शकतो. काढून, तपासायला पाठवल्याशिवाय कळणार नाही. मी खोटा धीर देणार नाही."

मला तो माणूस आवडला. यांना आवडला नाही. परतताना बसमध्ये रायापूरपर्यंत हे तिकिटाची घडी घालत बसले. मग एकदम म्हणाले, "सांगलीला कळवायला पाहिजे."

"नाही."

"अगं, ऑपरेशन आहे."

"कळवलं की मुलगी पाठवणार नाहीत. भाऊबीजेनंतर ऑपरेशन. दहा-बारा दिवस दवाखान्यात. मग वसूला आणू. तोवर मी हिंडती-फिरती होते."

"आणि गाठ दुसरी कसली निघाली तर?"

"तर मला ती जास्तच हवी आहे इथे."

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू पोरीला फसवतेस." आमच्या संसारात हे मला इतकं कठोर कधी बोलले नव्हते. आणि खरंही होतं ते.

तीन आंतर्देशीय पत्रं

वसूला मी दर आठवड्याला पत्र लिहीत असे. खंड पडला तर तिला शंका येणार. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी मी तीन पत्रं लिहून ठेवली. एक दिवाळीचं, एक दिवाळीनंतरचं, एक तुळशीच्या लग्नानंतरचं. त्यात सगळं व्यवस्थित होतं. तुळशीचं लग्न छान झालं, ऊस गोड निघाला, अक्काची सून आली होती, मी हिंडून-फिरून बरी आहे, तुझी वाट बघते आहे. शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

दिवाळीचं पत्र मीच टाकलं. उरलेली दोन यांना दिली आणि कुठलं कधी टाकायचं ते बजावून सांगितलं.

नाकातली नळी आणि नीलव्वा

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, त्यामुळे सांगण्यासारखंही नाही. जाग आली तेव्हा पोटावर दगड ठेवल्यासारखं वाटलं आणि नाकात नळी होती. गाठ काढली होती, तिच्या दोन्ही बाजूंचं थोडं आतडं कापून टोकं जोडली होती. यांना ती गाठ बाटलीत दाखवली. लिंबाएवढी, म्हणाले. ती तपासणीसाठी बाहेरगावी पाठवली. दहा-बारा दिवस लागणार होते.

माझ्या शेजारच्या खाटेवर कलघटगीकडची नीलव्वा होती. पित्ताशयाचे खडे काढलेली, माझ्याच वयाची, आवाज मात्र दोन गल्ल्यांपलीकडे पोचणारा. ती रोज सकाळ-दुपार मला विचारायची, "ऊटा आतेन्री, अक्कार?" जेवण झालं का? नाकात नळी, तोंडाला पाण्याचा थेंब नाही, आणि ही बाई रोज दोनदा जेवण झालं का विचारते. पहिले दोन दिवस मला संताप आला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, ती चौकशी नाहीच. दुसऱ्या माणसाची दखल घ्यायची तिच्या गावची पद्धत आहे. मग मीही नळीमागून म्हणायला लागले, "आत री, निम्दु?" झालं, तुमचं?

भूक अशी नव्हती. पण ज्वारीची गरम भाकरी, तिच्यावर शेंगांची चटणी आणि वर कच्चं तेल, हे डोळ्यांपुढून हलत नसे. त्या खोलीत मला दोनच गोष्टी हव्याशा वाटल्या, एक ती भाकरी आणि एक वसू. भाकरीचा मार्ग ठरलेला होता. आतडं चालू झालं की वारा सरतो, वारा सरला की नळी निघते, मग पाणी, मग पेज. त्यामुळे डॉक्टर, नर्स, अक्का, हे, सगळे एकच विचारत: वारा सरला का? चौथ्या दिवशी सरला. नीलव्वानं ऐकला आणि सगळ्या खोलीला ओरडून सांगितला. समोरच्या खाटेवरच्या बाईंनी हात जोडले. लाजायचं राहूनच गेलं.

सोसवत नव्हतं ते वाट बघणं. तपासणीचा कागद काय म्हणेल? मी मनात पुढच्या वर्षीच्या दोन दिवाळ्या मांडून ठेवल्या होत्या. एक गाठ साधी निघाली तर. दुसरी नाही निघाली तर, म्हणजे कदाचित पुढची दिवाळी नाहीच. दुसरीत मी मरणाचा विचार फारसा करत नसे. वसूचं मूल मला ओळखेल इतकं मोठं होईल का, एवढाच हिशेब करत असे.

विहीणबाई

सहाव्या दिवशी दुपारी दार उघडलं आणि विहीणबाई आत आल्या. सांगलीहून, एकट्या. मी उठायला गेले, टाक्यांनी उठू दिलं नाही.

त्या खुर्चीवर बसल्या, पिशवीतून एक पत्र काढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुळशीचं लग्न अजून तीन दिवसांवर आहे, विहीणबाई. तुमच्याकडं होऊनसुद्धा गेलं? ऊस गोड निघाला म्हणे."

यांनी दोनांतलं शेवटचं पत्र आधी टाकलं होतं. खणाचा बोटभर तुकडा कमी-जास्त न कापणारा माणूस. ते वसूच्या आधी विहीणबाईंच्या हाती पडलं आणि वाचून त्यांनी दुकानात फोन लावला. दुपारचं दुकान अक्का सांभाळत होती, तिनं दोन प्रश्नांत सगळं सांगून टाकलं. नंतर मला म्हणाली, "मला काय माहीत, काय लपवायचं ते? यादी लिहून द्यायची होतीस."

मी विचारलं, "वसूला माहीत आहे?"

"नाही. मी बहिणीकडं गेलेय म्हणून सांगून आलेय. खोटं बोलायला तुमच्याकडूनच शिकले."

"ती—"

"ती बरी आहे. पण मी तिला पाठवणार नाही. बाळंतपण आमच्याकडं."

"पहिलं बाळंतपण माहेरचं असतं."

"मला एक ओळ लिहिली असतीत तर मी काय मुलगी पळवून नेणार होते?"

"हो. तेच करताय आता."

नीलव्वाला मराठी कळत नव्हतं, तरी तिनं कूस बदलून आमच्याकडे पाठ केली. मग विहीणबाई खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "गाठ कसली आहे ते अजून कळलं नाही म्हणे. सातव्या महिन्यातल्या पोरीनं इथं येऊन त्या कागदाची वाट बघायची का? तुम्हाला हवीय ती जवळ, कळतं मला. पण तिला काय हवंय ते बघा की."

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांनी जाताना पाण्याचा पेला माझ्या हाताला येईल असा सरकवून ठेवला. तेही मला आवडलं नाही.

कागद

बाराव्या दिवशी सर्जन कागद हातात घेऊनच आले. आतड्याच्या स्नायूंची गाठ. तिचं लांबलचक नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. साधी, कॅन्सरची नव्हे. पूर्ण निघालेली. आता फक्त अधूनमधून तपासणी.

हे म्हणाले, "परत एकदा वाचता?" त्यांनी परत वाचला. यांनी चष्मा काढला आणि माझ्या पदरानं पुसत बसले, बराच वेळ. नीलव्वाला मी कानडीत सांगितलं. ती म्हणाली, "नान हेळिद्दिल्ल?" मी म्हटलं नव्हतं का? तिनं असं काहीच म्हटलं नव्हतं.

मी सर्जनना विचारलं, "आता बाळंतपण करता येईल ना मला?"

ते चपापले. "तुमचं?"

"माझ्या मुलीचं हो!"

हसून झाल्यावर ते म्हणाले, "तीन महिने वजन उचलायचं नाही. भरलेली बादली नाही, कळशी नाही. बाळही नाही."

अर्धी बादली

घरी आल्यावर मी सांगलीला सगळं खरं लिहिलं. वसूचं उलट टपाली चार पानी पत्र आलं, त्यात दोन पानं रागाची. विहीणबाईंचं वेगळं आलं. कागद चांगला आला, देव पावला. तुम्ही म्हणाल तर अजून पाठवते. तुम्ही आई.

म्हणजे आता माझ्यावरच होतं. अक्का म्हणाली, मी येऊन राहते. यल्लव्वा येऊन विचारून गेली, बाळंतीण कधी येणार. हे म्हणाले, एक बाई ठेवू. सगळे हो म्हणत होते.

मी न्हाणीघरात गेले. अर्धी बादली पाणी भरलं आणि उचलली. वीतभर उचलली असेल. पोटात अशी ओढ बसली की मी बादली सोडून तिथेच ओल्या दगडावर बसले. अक्का धावत आली. "काय करतेस गं, येडे?"

"बघतेय."

"काय बघतेस?"

"वसू आली की पहिल्या सकाळी काय करेल ते."

कारण ते मला स्वच्छ दिसत होतं. आठव्या महिन्याचं पोट घेऊन ती पदर खोचेल, माझ्या हातातली बादली काढून घेईल आणि म्हणेल, "आई, तू बस." ती माझं करेल. मी तिचं नाही. मला जे चाळीस दिवस हवे होते त्यांत मी उभी होते आणि ती निजलेली होती. आता ते तसे होणार नव्हते. नुसतं माझ्या डोळ्यांना हवी म्हणून तिला आणणं, म्हणजे पुन्हा तेच आंतर्देशीय पत्र.

त्या दुपारी मी विहीणबाईंना लिहिलं: वसूला तिकडेच राहू द्या. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशेपा आणि दुपटी पाठवते. तिला थंडी सोसत नाही, कान बांधायला सांगा.

पत्र यांच्या हातात दिलं. यांनी वाचलं आणि लगेच जाऊन टाकलं.

ज्यांना यातून जायचंय त्यांना

थोडं कामाचं सांगते. रक्त कमी आहे असं कळलं तर गोळ्या घ्या, पण ते गेलं कुठे हे विचारल्याशिवाय उठू नका. शौचाचा रंग बघा आणि सांगायला लाजू नका, डॉक्टर त्याहून वाईट रोज ऐकतात. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. मी केल्या आणि त्यातून कळलं, तो योगायोग होता, शहाणपणा नव्हता. उपास केला तर डॉक्टरांना खरं सांगा. दवाखान्यात एक लहान उशी न्या. खोकला आला की ती पोटावर दाबून धरायची, टाके दुखत नाहीत. आणि घरच्यांपासून लपवायचं ठरवलंत, तर ते तुम्हाला जमणार नाही. शहाण्यासुरत्या माणसालाही दोन पत्रांचा क्रम सांभाळता येत नाही.

माझं आता नीट आहे. पुढची काही वर्षं दर वर्षी तपासणी झाली, रक्त भरून आलं, भाकरी पचते, शिडी चढते. वसूला दुसरं मूल झालं तेव्हा ती पुण्यात होती, नोकरीत. फोनवर म्हणाली, "आई, तू दगदग करून घेऊ नकोस. इथं सगळी सोय आहे." सोय होतीच.

मधल्या खोलीत आता दुकानाचा जास्तीचा माल असतो. जागा रिकामी ठेवून काय करायचं?

बारसं

त्या माघात, पहिल्या खेपेला, वसूला मुलगी झाली. दुकानात फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला लुगडं दाखवत होते. ते पुरं दाखवलं, घडी घातली, मग आत जाऊन बसले.

बारशाला आम्ही मिरजेपर्यंत रेल्वेनं आणि पुढे रिक्षानं गेलो. विहीणबाईंनी मला पाटावर न बसवता खुर्ची दिली, मांडीवर उशी ठेवली आणि उशीवर बाळ. म्हणाल्या, "उचलू नका. असंच धरा, हवं तेवढा वेळ." बाळाला त्यांच्या घरच्या धुरीचा वास येत होता. आमच्याकडे धुरीत ओवा जास्त घालतात.

वसूच्या डोक्याला रुमाल बांधला होता. कान नीट झाकलेले. मी बराच वेळ बघत होते, कुठे चूक सापडत नव्हती.

"आई, तू असतीस तर तिखट तरी खाऊ दिलं असतंस," वसू म्हणाली.

"मुळीच दिलं नसतं. याहून जास्त पथ्य पाळायला लावलं असतं."

"माहितेय मला." ती हसली आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली. मी रुमालावरूनच हात फिरवला. खालचे केस तेलानं मऊ होते, कुणीतरी नेमानं लावलेलं. विहीणबाई चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, "छान ठेवलंयत हिला." म्हणायला जड गेलं, पण खरं होतं.

संध्याकाळची गाडी होती. वसू दारापर्यंत आली. उंबऱ्याबाहेर यायचं नाही म्हणून आत उभी राहिली. हे रिक्षात बसले होते. मी पायऱ्या सावकाश उतरले, वळले, तिनं हात वर केला, काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात आतून बाळ रडलं. वसूचा हात तसाच खाली आला, ती वळली आणि आत गेली.

जायलाच हवं होतं. मी थोडा वेळ रिकाम्या दाराकडे बघत उभी राहिले. मग यांनी हात दिला आणि मी रिक्षात बसले.